फेब्रुवारीत एक गोधडी शिवूया: बे एरियातल्या मराठी मंडळांना आणि मराठी शाळांना खुलं पत्र

कार्यकारिणीतल्या ताई-दादांनो आणि मराठी शाळेतल्या शिक्षकांनो, सगळ्यांना नमस्कार,

फेब्रुवारीत आपलं कॅलेंडर भरलेलं असतं, १९ ची शिवजयंती, २७ चा मराठी भाषा गौरव दिन, त्यांच्या तालमी, हॉलचं बुकिंग, जेवणाची ऑर्डर, हे सगळं मला माहितीये कारण मीही त्यात असते. तरी एक मागणं घेऊन आलेय. याच महिन्यात इथे ब्लॅक हिस्टरी मंथ असतो, मुलं शाळेतून त्याची वर्कशीट्स आणतात आणि दोन दिवसांनी ती बॅगेतून थेट रिसायकलिंगमध्ये जातात. यंदा मंडळाने आणि मराठी शाळेने मिळून एक मोठी गोधडी शिवावी, लहान-मोठ्या सगळ्यांनी हात लावून, आणि तिचा विषय असावा ब्लॅक लोकांनी आणि अपंग लोकांनी खांद्याला खांदा लावून लढलेली हक्कांची लढाई. ही लढाई लांब कुठे नाही झालेली, आपल्या सॅन फ्रान्सिस्को, ओकलंड, बर्कलीतच झालीये आणि तिच्यामुळे मिळालेलं आपली मुलं रोज शाळेत वापरतायत.

कसं ते सांगते. आपल्यातल्या बऱ्याच घरांत ५०४ प्लॅन आहे. कोणाला एडीएचडी, कोणाला डिस्लेक्सिया, कोणाला टाइप वन डायबेटिस, कोणाला ऐकायला कमी येतं. परीक्षेला जास्तीचा वेळ, पुढच्या बाकावर जागा, शाळेत असताना शुगर तपासायची आणि इन्सुलिन घ्यायची सोय, हे सगळं त्या प्लॅनमधून मिळतं. आपण शाळेच्या ऑफिसात जातो, सही करतो, बाहेर येतो आणि कोणाला सांगत नाही, सांगितलंच तर कार्यक्रम संपल्यावर पार्किंग लॉटमध्ये हळू आवाजात, आणि तेही फक्त अशा आईला जिच्या घरी तसंच काहीतरी आहे. हा ५०४ कुठून आला असं विचारलं की बहुतेक जण म्हणतात, असेल कुठल्यातरी फॉर्मचा नंबर.

ते १९७३ च्या रिहॅबिलिटेशन ॲक्टमधलं कलम आहे. ज्या संस्थेला फेडरल सरकारचा पैसा मिळतो तिने अपंग माणसाला केवळ अपंग आहे म्हणून बाहेर ठेवायचं नाही, एवढं साधं ते कलम, आणि त्याची भाषासुद्धा १९६४ च्या सिव्हिल राइट्स ॲक्टच्या धर्तीवर घेतलेली, म्हणजे ब्लॅक लोकांनी मार खाऊन, तुरुंगात जाऊन, माणसं गमावून मिळवलेल्या कायद्याच्या. पण कायदा पास झाला तरी त्याच्या नियमांवर सही होईना. निक्सन गेले, फोर्ड गेले, कार्टर आले, तरी कागद तिथेच. शेवटी ५ एप्रिल १९७७ ला देशभरातल्या सरकारी ऑफिसांमध्ये अपंग लोक जाऊन बसले. बाकीच्या शहरांतली धरणी लवकर संपली. सॅन फ्रान्सिस्कोत मात्र, सिव्हिक सेंटरजवळच्या ५० युनायटेड नेशन्स प्लाझा या बिल्डिंगमध्ये, शंभराहून जास्त माणसं जवळपास चार आठवडे आत राहिली. व्हीलचेअरवाले, अंध, बहिरे, मतिमंद म्हणून संस्थांमध्ये टाकलेले, त्यांचे मदतनीस. कॅथेटर बदलायला धड सोय नाही, औषधं ठेवायला फ्रिज नाही, पाठीला फोड येऊ नयेत म्हणून रात्री कूस बदलून देणारं माणूस घरी राहिलेलं. फोन बंद केले तर बहिऱ्या आंदोलकांनी खिडकीत उभं राहून खालच्या लोकांना खुणांच्या भाषेत निरोप दिले. हे आत्ता लिहितानाही माझ्या अंगावर काटा येतोय.

आणि जेवण? एवढ्या माणसांना रोज कोण घालणार? ब्लॅक पँथर पार्टी, ओकलंडमध्ये सुरू झालेली ब्लॅक लोकांच्या हक्कांसाठी लढणारी संघटना. ओकलंडहून पूल ओलांडून रोज गरम जेवण घेऊन यायचे. सिक्युरिटीने अडवलं तरी मागे हटले नाहीत. बाकीच्यांनीही मदत केली, चर्चं होती, युनियन होत्या, मेयर मॉस्कोनींनी गाद्या पाठवल्या, पण आत असलेल्या लोकांनी नंतर पुन्हा पुन्हा सांगितलंय की पँथर्सचं जेवण नसतं तर आम्ही टिकलो नसतो. पँथर्स आले कारण आत त्यांचाच एक माणूस बसला होता, ब्रॅड लोमॅक्स. मल्टिपल स्क्लेरोसिस झालेला, व्हीलचेअर वापरणारा ब्लॅक तरुण. ओकलंडच्या बसमध्ये चढायचं तर त्याच्या भावाला त्याला उचलून आत न्यायला लागायचं. बर्कलीत अपंग लोकांनी अपंग लोकांसाठी चालवलेलं इंडिपेंडंट लिव्हिंग सेंटर होतं, तसं ईस्ट ओकलंडमधल्या ब्लॅक वस्तीतही हवं म्हणून त्याने पँथर्स आणि बर्कलीवाले यांना एकत्र आणलं. धरण्यातून जे शिष्टमंडळ वॉशिंग्टनला गेलं त्यात धरण्याच्या एक नेत्या ज्युडिथ ह्यूमन यांच्यासोबत तोही होता, त्याचा मदतनीस चक जॅक्सनही होता, तोही पँथर, आणि त्यांचा खर्च पार्टीने उचलला. २८ एप्रिलला केंद्रीय आरोग्य-शिक्षण खात्याचे मंत्री जोसेफ कॅलिफानोंनी नियमांवर सही केली. १९९० चा अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज ॲक्ट याच पायावर उभा राहिला. लोमॅक्स १९८४ मध्ये गेला, पस्तिशीही झाली नव्हती, त्यामुळे तो कायदा त्याने बघितला नाही.

आता सांगा, पँथर हे नाव मराठी माणसाला परकं आहे का? मुंबईत १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली तेव्हा नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले यांच्यासमोर ओकलंडचीच पँथर होती. आणि त्याच्या शंभर वर्षं आधी, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामीविरुद्ध लढलेल्या लोकांना. पुण्यात बसून त्यांना हे नातं दिसलं होतं. आपण तर ओकलंडपासून चाळीस मिनिटांवर राहतो, बार्ट ट्रेनने जातो, आणि आपल्या मुलांना हे कोणी सांगत नाही. अजून एक, आपण इथे आलो ते १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यामुळे, जुना वंशावर ठरलेला कोटा त्याने मोडला, आणि तो कायदा सिव्हिल राइट्स चळवळीच्या ऐन भरात झालाय, तिच्याशिवाय तो झाला असता असं मला वाटत नाही. म्हणून "हे आपलं काम आहे का" असं कोणी मीटिंगमध्ये विचारलं तर माझं उत्तर हो, आपलंच आहे.

गोधडीच का, हे पण सांगते. ब्लॅक बायकांनी या देशात आपला इतिहास कापडावर लिहिलाय. जॉर्जियात गुलामीत जन्मलेल्या हॅरिएट पॉवर्सने १८८६ च्या सुमारास बायबलमधल्या गोष्टींची एक क्विल्ट केली, माणसं, प्राणी, सूर्य, सगळं कापडाचे तुकडे कापून वर शिवलेलं, आणि पैशाची अडचण आली तेव्हा ती पाच डॉलरला विकावी लागली. आज ती स्मिथसोनियनमध्ये आहे. अलाबामात जीज बेंड नावाचं नदीच्या वळणातलं गाव आहे, तिथल्या बायका शेतात झिजलेल्या डेनिमच्या पॅन्टी, नवऱ्याचे शर्ट, पिठाची पोती यांचे तुकडे जोडून क्विल्ट करायच्या, आपल्या आज्या जुन्या लुगड्यांच्या करायच्या तशाच. मतदानाचा हक्क मागितला तेव्हा तिकडच्या लोकांची नदीवरची फेरीबोटच बंद झाली, मतदार म्हणून नाव नोंदवलं म्हणून कितीतरी जणांना जमिनीवरून, घरातून हाकललं. मग १९६६ मध्ये त्या भागातल्या बायकांनी फ्रीडम क्विल्टिंग बी नावाची सहकारी संस्था काढली आणि क्विल्ट विकून पैसे मिळवले.

आणि आपल्या बाजूच्याच रिचमंडमध्ये रोझी ली टॉम्पकिन्स होऊन गेली, २००६ पर्यंत हयात होती. आर्कान्सातून आलेली, क्विल्टचं शिवण आईबरोबर बसून शिकलेली. मखमल, चकचकीत कापड, जुने टॉवेल, काहीही घ्यायची, पट्टी लावून माप घ्यायची नाही, कडा वाकड्या गेल्या तर जाऊ द्यायची, आणि तरी ते इतकं सुंदर दिसतं की मी बर्कलीच्या म्युझियममध्ये तिच्या एका काळ्या-पिवळ्या मखमलीसमोरून हलूच शकले नाही. त्या म्युझियमकडे एकाच संग्राहकाकडून आलेल्या आफ्रिकन अमेरिकन क्विल्ट्स सुमारे ३,००० आहेत, आणि त्यातला मोठा वाटा तिचा. रोझी ली हे तिचं खरं नाव नव्हतं. तिला प्रसिद्धी नको होती, लोकांनी दारात यायला नको होतं, म्हणून तिने दुसऱ्या नावाने काम बाहेर जाऊ दिलं. हे मी मुद्दाम लिहितेय. आपल्यातल्या ज्या घरांना मुलाचं किंवा स्वतःचं काही उघड सांगायचं नाहीये त्यांनीही या गोधडीत एक चौकोन नाव न घालता द्यावा, कोणी विचारणार नाही.

एक गोष्ट मात्र करू नका, कळकळीने सांगते. शाळांमध्ये क्विल्टचा एक फार लोकप्रिय क्राफ्ट चालतो, की गुलामीतून पळणाऱ्यांसाठी क्विल्टच्या नक्षीत गुप्त खुणा असायच्या, हा तारा म्हणजे उत्तरेला जा, ही नक्षी म्हणजे सामान बांधा. ऐकायला गोड आहे, पण इतिहासकारांना त्याचा पुरावा मिळालेला नाही, आणि खरी माणसं, खरे प्रसंग एवढे असताना दंतकथा शिवायची गरज काय? गुलामीतून स्वतः पळालेल्या हॅरिएट टबमनचा चौकोन करायचा तर खरं करा. ती लहान असताना मुकादमाने दुसऱ्या गुलामावर फेकलेलं लोखंडी वजन तिच्या डोक्यात बसलं, तेव्हापासून जन्मभर तिला बोलता बोलता अचानक झोप लागायची, डोकं ठणकायचं, आणि अशा अवस्थेत ती पुन्हा पुन्हा दक्षिणेत जाऊन माणसं सोडवून आणत होती. मुलांना टबमन माहितीये, तिचं हे आजारपण माहिती नाही. मतदानाच्या हक्कासाठी लढलेल्या फॅनी लू हेमरचंही तसंच, लहानपणी पोलिओ झाला, लंगडत चालायची, १९६३ मध्ये मिसिसिपीतल्या विनोनाच्या जेलमध्ये इतकं मारलं की किडनीला कायमची इजा झाली, आणि पुढच्याच वर्षी ती टीव्हीवर अख्ख्या देशासमोर ते सगळं सांगत होती. आणि हाताने काम करणाऱ्यांसाठी ब्लॅक चित्रकार होरेस पिपिन घ्या. पहिल्या महायुद्धात उजव्या खांद्यात गोळी लागली, हात वर जाईना, तर त्याने चुलीतली तापलेली सळई घेऊन लाकडाच्या फळ्यांवर चित्रं जाळायला सुरुवात केली, नंतर डाव्या हाताने उजवं मनगट धरून ब्रश चालवला. पहिल्या ऑइल पेंटिंगला त्याला तीन वर्षं लागली.

आपल्याकडचा एक चौकोनही हवा. गोव्यात पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांपैकी कितीतरी घाट ओलांडून जंगलात पळाली, त्यांचे वंशज सिद्दी आज कर्नाटकात यल्लापूर, हल्याळ, मुंडगोडकडे राहतात, कोकणीच्या जवळची भाषा बोलतात. त्यांच्या बायका जी गोधडी करतात तिला कवंडी म्हणतात. ती कडेकडेने शिवत मध्याकडे जाते आणि चारी कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाची छोटी छोटी फुलं लावल्याशिवाय पूर्ण मानली जात नाही. मला असं वाटतं की आपल्या गोधडीचे चारी कोपरे कवंडीसारखे करावेत. मुरुड-जंजिऱ्याला सहलीला जाऊन सेल्फी काढणाऱ्या आपल्या मुलांना सिद्दी म्हणजे कोण हे तेवढ्यानेच कळेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं, हे शिवणार कोण आणि कसं. अपंग लोकांवर गोधडी करायची आणि अपंग माणूस प्रेक्षकांत, असं झालं तर मी त्यात नसेन. माझ्या मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे, उजवा हात फारसा चालत नाही. एका क्राफ्टच्या कार्यक्रमाला आम्ही गेलो होतो, कुठला ते महत्त्वाचं नाही, तिथे टेबलं इतकी चिकटून लावलेली की तिची व्हीलचेअर आतच जाईना, मग कोणीतरी प्रेमाने तिला दाराजवळ बसवलं आणि स्टिकर चिकटवायला दिले. तेरा वर्षांच्या मुलीला! घरी ती काय करते ते बघा. लाकडी रिंगमध्ये कापड ताणायचं, ती रिंग टेबलाच्या काठाला क्लॅम्पने घट्ट बसवायची, म्हणजे धरायला दुसरा हात लागत नाही. सुई वरच्या बाजूला फट असलेली, दोरा वरून दाबला की आपोआप नेढ्यात जातो, ओवत बसायला लागत नाही. डाव्या हाताने सुई वरून खाली खुपसायची, हात टेबलाखाली नेऊन ओढून घ्यायची, मग खालून वर. एका टाक्याला वेळ लागतो आणि टाके एकसारखे येत नाहीत, लांब-आखूड असतात, पण धावदोरा तिचा तिचा असतो. आजी शेजारी बसते आणि तिला तोंडाने सांगते, हात लावत नाही. हात न लावणं आजीला शिकायला लागलं, आता तीच बाकीच्यांना रागावते.

म्हणून खोलीचं बघा. टेबलाखाली गुडघे जायला निदान २७ इंच उंची, टेबलांमधून जायला ३६ इंच वाट, टेबल ३४ इंचांपेक्षा उंच नको. स्प्रिंगची कात्री, जी दाबली की आपोआप उघडते. ज्यांना सुई नको त्यांच्यासाठी इस्त्रीने चिकटणारी जाळी आणि कापडाचा गोंद. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी वेगवेगळ्या पोताची कापडं, कॉर्डरॉय, इरकलचा काठ, खण, मखमल, म्हणजे चित्र हाताला कळेल, व्हीलचेअरची चाकं जाड दोरीने, चेहरे मऊ कापडाने. अत्तर, धूप, स्पीकर हे त्या दिवशी राहू दे, ज्यांना गोंगाट सहन होत नाही त्यांच्यासाठी बाजूची छोटी खोली उघडी ठेवा. खुणांच्या भाषेचा दुभाषा बुक करायला वेळ लागतो, त्यामुळे ते आधी. आणि शिकवायला ब्लॅक क्विल्ट कलाकारांना बोलवा, अपंग कलाकारांना बोलवा, पैसे देऊन बोलवा. पाडव्याला गायक आणतो तेव्हा मानधन देतो ना, मग इथे "कम्युनिटीसाठी आहे" म्हणून फुकट मागायचं नाही.

ओकलंडमध्ये क्रिएटिव्ह ग्रोथ नावाचा स्टुडिओ आहे, १९७४ पासूनचा, तिथे अपंग कलाकार रोज येऊन काम करतात आणि त्यांचं काम विकलं जातं. मराठी शाळेची सहल तिथे न्या. ज्युडिथ स्कॉट तिथलीच, डाऊन सिंड्रोम असलेली, बहिरी, पस्तीस वर्षं संस्थांमध्ये ठेवलेली, तिच्या जुळ्या बहिणीने तिला बाहेर काढून कॅलिफोर्नियात आणलं आणि मग तिने सूत, दोरे, कापडाच्या पट्ट्या वस्तूंभोवती गुंडाळून अशी शिल्पं केली की आज ती मोठमोठ्या म्युझियममध्ये आहेत. तिथलाच विल्यम स्कॉट हा ब्लॅक चित्रकार, नव्या सॅन फ्रान्सिस्कोची स्वप्नं रंगवतो. नंतर सहल बर्कलीतल्या ॲशबी बार्ट स्टेशनवरच्या एड रॉबर्ट्स कॅम्पसला, म्हणजे अपंगांच्या संस्थांच्या इमारतीला, जाऊ दे, आत शिरल्यावर लाल रंगाचा गोल गोल वर जाणारा रॅम्प आहे, मुलं पायांनी आणि चाकांनी एकाच वाटेने वर जातात.

राजकारण नको, मंडळ सांस्कृतिक आहे, असं काही जण म्हणतील हे मला दिसतंय. मी त्यांना एवढंच म्हणेन की मुलाचा ५०४ प्लॅन तुम्ही राजकारण म्हणून नाकारला नव्हता. आणि ज्यांना वाटतं की अपंगपणाची अशी जाहीर चर्चा झाली तर पुढे मुलामुलींच्या लग्नाला अडचण येईल, त्यांची भीती मला कळते, मी त्या भीतीत राहिलेय, पण ती भीती आपल्या मुलांनी आपल्याकडून घेऊ नये असं मला मनापासून वाटतं.

तर प्रत्यक्षात काय लागेल: बारा इंचांचे ३६ चौकोन, सहा बाय सहा, म्हणजे कडा सोडून सहा फुटांची गोधडी. जुन्या सुती साड्या सगळ्यांनी आणाव्यात, अस्तरासाठी माझ्या सासूबाईंची एक नऊवारी मी देतेय. शिवणाचं मशीन माझं आहे, अजून दोन लागतील. क्लॅम्प, फटीच्या सुया आणि कात्र्यांची खरेदी मी करीन, बिल मंडळाने द्यावं. मधल्या चार चौकोनांत मिळून ५० युनायटेड नेशन्स प्लाझाची खिडकी असावी आणि त्यात जेवणाची पातेली घेऊन आलेले पँथर्स असावेत, ते चौकोन मराठी शाळेच्या मोठ्या वर्गाने करावेत. गोधडी पूर्ण झाली की महाराष्ट्रातल्या पाहुण्यांना दाखवायला कोणाच्या गराजमध्ये ठेवायची नाही, पब्लिक लायब्ररीला विचारून तिथे लावायची, हात लावता येईल अशा उंचीवर.

पुढच्या कार्यकारिणीच्या मीटिंगच्या अजेंड्यावर हा विषय घ्या. मी येते, मुलगी पण येणार म्हणते. मीटिंग वरच्या मजल्यावर ठेवणार असाल तर लिफ्ट चालू आहे का तेवढं आधी बघून कळवा.

तुमचीच,
मराठी शाळेतली एक आई